गोळीची उतरण

"वाच न पुन्हा. आस्ते आस्ते वाच. भाषन देऊन राहिला का तू?"

"दोनदा वाचलं बाई. तिसऱ्यांदा वाचलं तं काय बदलनार हाये त्याच्यात?"

"मंग गोळीचं नाव तरी वाच."

इनायतुल्लानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोबाईल हातभर लांब धरला. अकोटच्या पानबाजारात सकाळचा गलका चालू होता. करंड्या उघडत होत्या, ओल्या गोणपाटावर पानांचे थर पडत होते. पार्बताबाईचा माल कधीच विकून झाला होता. एरवी ती पहिल्या एसटीनं गावाला परतते. आज रिकाम्या करंडीवर बसून राहिली होती.

"नाव नाई दिलं बाई. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, एवढंच लिवलं. परदेशात परत मागवल्या म्हन्ते. त्याच्यात कॅन्सरचं विष निघालं. अन् खाली लिवलं हाये, दहा जनायले पाठवा."

"मी कोनाले पाठवू? माह्या मोबाईलवर एकट्या पोराचा, शेखरचा फोन येते, थो बी दिवाळीले."

"मले उजैरनं धाडलं हैदराबादहून. अब्बा, तुमची गोळी पाहून घ्या म्हन्ते. आता काय पाहू मी? गोळी गोल हाये, पांढरी हाये. तिच्या कपाळावर लिवलं असते का, मी इमानदार हावो म्हनून?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. पार्बताबाईनं कमरेची चंची सोडली. चंचीत चुना, सुपारी, तंबाखू आणि त्यांच्याच शेजारी तिचं पाकीट, कारण दुकानदार नाव विचारतो आणि तिला ते सांगता येत नाही. इनायतुल्लानं दोन्ही पाकिटं शेजारी धरली, अंगठ्यानं अक्षरं चाचपली.

"सुरुवात येगळी हाये. पन शेवट पाय. याचा बी सार्टन, त्याचा बी सार्टन."

"म्हनजे आपल्या दोघायचं आडनाव एकच निघालं म्हन की."

"या खुदा," इनायतुल्ला हसला. पण ते हसू फार टिकलं नाही. पाकीट खिशात परत टाकताना त्यानं ते दोन बोटांत धरलं होतं, मेलेलं झुरळ धरावं तसं. पार्बताबाईनं ते बघितलं आणि मग तिला खरी भीती वाटली. इनायतुल्ला पंचवीस-तीस वर्षांपासून तिचं पान घेत होता. किडकं पान तो असं धरतो.

* * *

पार्बताबाई पानमळे करणाऱ्या बाऱ्याची लेक आणि बाऱ्याची सून. पण माहेरचा पानमळा तिच्या जन्माआधीच मोडला होता. दर्यापूरकडचं पाणी खारं, ते वेलाला मानवलं नाही, बापानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, धरली. त्यामुळे लग्न होऊन अकोट-अंजनगाव रस्त्यावरच्या या गावात आली तेव्हा तिला पानमळ्याची काही रीत ठाऊक नव्हती. पहिल्याच दिवशी ती चपला घालून मळ्यात शिरली. सासूनं शब्द काढला नाही. तिच्या पायातल्या नव्या चपला काढल्या आणि कुडावरून बाहेर भिरकावल्या. एक चप्पल बाभळीत अडकली आणि चांगले दोन पावसाळे तिथंच लटकत राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, हे कोणाचं बाप्पा? सासू सांगायची, आमच्या सुनबाईचं.

तेव्हापासून ती मळ्यात अनवाणी. चिखल असो, काटा असो. वेल हा देव आहे असं सासू म्हणायची. पार्बताबाई तसं म्हणत नाही, ती म्हणते, "देव असन नसन, पन लेकराहून नाजूक हाये." उन्हाची तिरीप लागली की रुसतो, पाणी जास्त झालं की कुजतो, कमी झालं की सुकतो. अंगठ्यात लोखंडी नखी घालून पान खुडायचं ते देठासकट, वेलाला झटका न देता. खुडलेलं पान पलटायचं, डाग दिसला की काढायचा. एक कुजकं पान राहिलं तर बाजारात पोचेपर्यंत करंडीच्या मधोमध काळं भोक पडतं. हे सगळं ती शिकली आणि इतकं शिकली की गावातले बाकीचे मळे एकामागून एक मोडले तरी तिचा उभा राहिला. कोणाचा गारपिटीनं झोपला, कोणाच्या विहिरीनं तळ दाखवला. लोकं पान खायचं सोडून गुटख्याच्या पुड्या फाडायला लागली. बाऱ्यांनी वेलाच्या आधाराच्या शेवऱ्या तोडून पऱ्हाटी पेरली, मग पऱ्हाटीत बोंडअळी शिरली. पार्बताबाईचा अर्धा एकर कुडाच्या आत हिरवागार, अंधारा, थंड.

मळा दोघांचा होता खरं तर. पण नवरा, गोवर्धन, सहा-सात वर्षांपासून खाटेवर होता. त्याला ब्लडप्रेशर निघालं, डॉक्टरनं गोळी दिली. त्यानं वर्षभर घेतली. मग म्हणाला, आता मले बरं वाटून राहिलं, कायले पोटात औषध ढकलायचं? सोडून दिली. एके सकाळी विहिरीवर मोटार चालू करायला गेला तो तिथंच आडवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आता त्याच्याकडे दोन-तीन शब्द उरलेत आणि तेही त्याला पाहिजे तेव्हा सापडत नाहीत. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं सहज हिच्याही दंडाला पट्टा बांधला. हिचंही वाढलेलं निघालं. तेव्हापासून सकाळच्या चहासोबत एक गोळी. एक दिवस चुकवला नाही. खाटेवरच्या माणसाकडे बघत घ्यायची गोळी चुकत नसते.

ही एक बाजू. दुसरी बाजू कौशल्याची.

कौशल्या तिची मोठी बहीण, दर्यापूरला दिलेली. तीही ब्लडप्रेशरची गोळी खायची, हिच्याही आधीपासून. मागच्या वर्षी छातीच्या कॅन्सरनं गेली. शेवटी शेवटी तिच्या अंगावर धड कातडी उरली नव्हती. तेव्हा पार्बताबाईच्या मनात गोळी आली नव्हती. नशीब म्हणून रडली, पिंडाला कावळा शिवला, परत आली. आता एसटीत खिडकीशी बसून ती हिशेब लावायला लागली तर तो लागेना. गोवर्धननं गोळी सोडली, तो पडला. कौशल्यानं गोळी धरली, ती गेली. मग माणसानं करावं तरी काय?

* * *

गावी पोचण्याआधी ती मेडिकलच्या दुकानापाशी उतरली होती. दुकानातल्या पोरानं पाकीट उलटसुलट बघितलं.

"काही होत नाही मावशी. ते दुसऱ्या कंपनीचं होतं. सकाळपासून तुमी पाचव्या."

"कोन्या कंपनीचं होतं?"

"ते नाही माहीत. पण आपली नाही."

"माहीत नाई तं आपली नाई हे कसं माहीत?"

पोरानं वर बघितलं, मग मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. पार्बताबाई निघाली. काही होत नाही, हे शब्द तिच्या चांगले ओळखीचे होते. दोन सालांआधी पऱ्हाटीवर फवारताना वऱ्हाडात माणसं मेली, कित्येकांचे डोळे गेले. तिच्या गावचीही दोन पोरं दवाखान्यात पडून होती. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत फवारणीच्या औषधाचा दुकानदार हेच म्हणत होता, काही होत नाही, हात धुऊन घ्या. आता हा पोरगा तसाच, तोंड तसंच, फळ्या तशाच.

पण मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात आला आणि समोर खाटेवर गोवर्धन, तोंडाच्या कोपऱ्यातून चहा गळत असलेला. तिनं गोळी घेतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी कौशल्या आठवली, तिनं गोळी हातात धरली आणि परत ठेवली. संध्याकाळी घाबरून घेतली. मग तिनं विळीवर गोळी कापून अर्धी घ्यायला सुरुवात केली. अर्ध्या गोळीत विष अर्धं. पण मग औषधही अर्धं. मग अर्ध्या गोळीनं गोवर्धनसारखं अर्धं अंग जाईल का? तिला स्वतःचंच हसू आलं आणि मग हसायला आलं म्हणून राग आला.

देवरावला विचारलं. देवराव तिच्याच वयाचा. तिच्या लग्नाआधीपासून याच मळ्यात कामाला होता आणि चपलेची गोष्ट आजही कोणालाही ऐकवायचा.

"देवराव, तू घेतं का बीपीची गोळी?"

"म्या कधी मोजूनच नाई पाह्यलं."

"काहून?"

"मोजलं तं निंघन न."

* * *

उन्हाळ्याच्या तोंडाशी वेलाची उतरण असते. वेल वर्षभर शेवरीच्या आधारानं चढत राहतो, हाताच्या बाहेर जातो, खालचं खोड उघडं पडतं, पान बारीक होतं. मग त्याला उतरवायचा. बंध सोडायचे, शेवरीवरून वेल हळूहळू खाली घ्यायचा, उघडं खोड मुळापाशी वेटोळं करून मातीत निजवायचं, वर शेणखत टाकायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा शेवरीला बांधायचा. तितके दिवस खुडा बंद. कोणी कितीही भाव देवो, पान तोडायचं नाही. वेल विसावतो, नवी मुळं टाकतो, मग असा हिरवा फुटतो की विचारूच नका. उतरण चुकवलेला मळा दोन सालांत संपतो, हे गावात प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलं होतं.

पहिल्या वेलापाशी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं. देवरावनं वेल सोडायला घेतला आणि खाली वेटोळं करत असलेल्या पार्बताबाईचे हात थांबले.

इतके सालं गोळी चालूच आहे. एक दिवस उसंत नाही. पोटात जाऊन राहिली, जाऊन राहिली. अंगाला तरी कुठं विसावा आहे? वेलाला दरसाली उतरण देतो आपण, अन् आंगाले? दम घेऊ द्यावं त्याले. जे काही विष साचलं असेल ते मातीसारखं जिरून जाईल. उतरण संपेपर्यंत गोळी बंद. मग वेल फुटल्यावर पुन्हा चालू. सोडायची नाही, गोवर्धननं सोडली तशी तर बिलकूल नाही. उतरवायची.

कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिचं डोकं हलकं झालं. घरी येऊन तिनं पाकीट देव्हाऱ्यातल्या देवामागं ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. मळ्यातली गोष्ट होती.

पण गोवर्धनच्या लक्षात आलं. दिवसभर खाटेवर पडून माणूस दुसरं काय बघणार? चहा आला, कप तिच्या हातात, गोळी नाही. त्यानं डावा हात उचलून देव्हाऱ्याकडे केला.

"देव पाह्याचा हाये का तुले? संध्याकाळी दाखवतो."

त्यानं मान हलवली. स्टीलची वाटी खाटेच्या कडेवर आपटली. "गो... गो..." एवढंच निघालं.

"गोड पायजेन? साखर टाकली न बापा चहात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी. तिसऱ्या दिवशी वाटी आपटता आपटता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तिला समजलं की त्याला समजलंय. ती त्याच्या हातातली वाटी काढून घेत म्हणाली, "चूप बस. तू सोडली होती. म्या उतरवली हाये. फरक असते." तो तिच्याकडे बघत राहिला. हा फरक त्याला पटला की नाही ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हता.

* * *

कौशल्याचं वर्षश्राद्ध आलं. पार्बताबाई दर्यापूरला गेली. एसटी चुकली म्हणून काळीपिवळी जीपमध्ये, मागच्या बाकावर, मांडीवर पानाची पुडी घेऊन. डोकं सकाळपासून ठणकत होतं. उन्हामुळं असेल म्हणून तिनं पदर ओढून घेतला.

जेवणं आटोपली. कौशल्याची सून, रागिणी, मागच्या अंगणात भांड्यांवर बसली. पार्बताबाई तिच्याजवळ पाट घेऊन बसली आणि एवढे दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"तुही सासू कोनती गोळी घेत जाय वं बीपीची? नावाच्या शेवटी सार्टन होतं का?"

रागिणीनं राखेचा हात थांबवला. "नाव तं नाई आठवत मावशी. पिवळी होती एक. अन् घेत तरी कुठं जायच्या त्या रोज? उपास असला की नाई, गावाले गेल्या की नाई. महिना महिना पाकीट तसंच राहे."

"मंग कॅन्सर कायनं झाला?"

"मले काय मालूम? डॉक्टरले बी नाई मालूम." रागिणी आवाज उतरवून म्हणाली, "एक सांगू का? रागावू नोका. गाठ लय आधीची होती. त्यायनं कोनाले दाखवलीच नाई. मी न्हाऊ घालत होती तेव्हा माह्या हाताले लागली. किती दिवसाची हाये इचारलं, तं म्हने, असन तीन-चार सालाची. म्हने, छातीची गोष्ट, कोनाले दाखवू? डॉक्टर मानूस पुरुष."

पार्बताबाईनं रागिणीच्या पुढचं एक भांडं ओढून घासायला घेतलं. बहीण तिच्याशेजारी किती वेळा निजली होती. उन्हाळ्यात, बाजेवर, अंगाला अंग लागून. एकदाही बोलली नाही. आणि पार्बताबाई मात्र इथं गोळीच्या मागं लागली होती.

"म्हनजे गोळीनं नाई झाला?"

"नाई असं कसं सांगू मावशी? अन् हो असं तरी कसं सांगू?"

परतीच्या जीपमध्ये तिनं ठरवलं होतं की विचार करायचा नाही. पण विचार काही माणसाला विचारून येत नाही. कौशल्याचा निकाल आता गोळीच्या नावावर लागत नव्हता. मग गोळी निर्दोष सुटली का? इनायतुल्लाच्या मोबाईलवरचं कोणीतरी लिहिलंच होतं न? उगीच कोण लिहील? आणि फवारणीच्या वेळी खरं ते सगळ्यांत शेवटी कळलं होतं. जेवढ्या बाजू तिनं पलटून बघितल्या तेवढा डाग सरकत गेला, कधी इकडून दिसे, कधी तिकडून.

घरी पोचल्यावर देव्हाऱ्यामागं हात घातला, पाकीट चाचपलं आणि तिथंच राहू दिलं. उतरण अर्ध्यावर होती.

* * *

दुसऱ्या दिवशी ती वेलाचा शेंडा बांधत होती. लव्हाळ्याच्या गवतानं गाठ मारायची, रोजची, डोळे मिटून मारता येईल अशी. गाठ बसेना. दोन शेवऱ्या दिसायला लागल्या, मग चार. डाव्या हाताच्या बोटांत मुंग्या आल्या. तिनं वेल सोडला नाही, वेलाला धरूनच खाली बसली आणि वेल मुळासकट तिच्या अंगावर आला.

"देवराव," ती म्हणाली. "माह्यं तोंड वाकडं झालं का पाय."

देवरावनं वाकून बघितलं. "हाये तसंच हाये. पन तू अशी काहून बसली?"

"हात वर करून दाखवतो. दोन्ही सारखे वर गेले का?"

"गेले."

"मंग दवाखान्यात ने. लवकर. तो घरी एकटा हाये."

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर शाइस्ता होत्या. अकोल्याच्या, कोवळ्या वयाच्या, डोक्यावर ओढणी, बोलणं वऱ्हाडीच पण शाळेतून आलेलं. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. दुसऱ्या दंडाला बांधून बघितला. मग हातापायाचा जोर तपासला, तोंड उघडायला लावलं, एक गोळी तिथंच घ्यायला लावली आणि दुपार होईपर्यंत बाकावर झोपवून ठेवलं. दुसऱ्यांदा पट्टा बांधला तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मावशी, गोळी कधीपासून बंद आहे?"

"बंद नाई. उतरवली हाये."

"म्हणजे?"

देवरावनं उतरण समजावून सांगितली. डॉक्टरनं ऐकून घेतली, हसल्या नाहीत. मग पार्बताबाईनं सगळं सांगितलं. मोबाईल, इनायतुल्ला, सार्टन, कौशल्या, गोवर्धन. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता तुमी काही होत नाई असं म्हनू नोका. थे लय ऐकलं म्या."

"नाही म्हणत," डॉक्टर म्हणाल्या. "खबर अगदीच खोटी नाही. काही कंपन्यांच्या काही मालात बनवतानाच एक खराब वस्तू शिरली होती. ती खूप दिवस, खूप पोटात गेली तर कॅन्सरची भीती. म्हणून तेवढा माल परत घेतला. गोळीची जात खराब नव्हती, तो माल खराब होता."

"म्हनजे एका करंडीतलं."

"हो. आणि त्यातूनही धोका होता तो बारीक. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं घेतली तर कोणाला एखाद्याला, असा. गोळी एकदम सोडण्याचा धोका बारीक नसतो. आज तुम्ही स्वतः बघितला."

"अन् जातीत काही नाई? लिवून देता?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "मधी एकदा काही लोकांनी अभ्यास करून म्हटलं होतं, या गोळ्यांनी कॅन्सर थोडा वाढतो. मग दुसऱ्यांनी त्याहून मोठे अभ्यास केले, त्यात तसं निघालं नाही. आजपर्यंत जे दिसलं त्यावरून मी घ्या म्हणते. माझे अब्बा घेतात. उद्या काय निघेल ते मी लिहून देऊ शकत नाही मावशी. कोणीच देऊ शकत नाही."

"मंग तुमच्यात अन् माह्यात फरक काय राह्यला?"

"मी तुमच्यापेक्षा थोडं जास्त वाचलंय. बस."

त्यांनी दुसरी गोळी दिली. ही वेगळ्या जातीची, नावात सार्टन नाही, म्हणजे मनाचा तिढा तरी कमी होईल. पार्बताबाईनं पाकीट घ्यायला चंची सोडली आणि डॉक्टरची नजर आत गेली.

"तंबाखू खाता?"

"पानासंगं. लहानपनापासून."

"मावशी, गोळीचं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. याचं येतं. तंबाखूनं कॅन्सर होतो. सुपारीनंही होतो. याला दुसरा अभ्यास नाही."

पार्बताबाईनं चंची आवळली. "अन् पानानं?"

"नुसत्या पानाचं तसं काही निघालेलं नाही."

"नुसतं पान कोन खाते बाई? नुसतं खाल्लं असतं तं माह्या करंड्या कोनी घेतल्या असत्या?"

बाहेर रांग वाढली होती. निघताना तिनं दारात वळून विचारलं, "या गोळीत काही निंघालं, तं मले सांगसान?"

"सांगेन."

"बदली झाली तं?"

"पुढच्याला सांगून जाईन. म्हणेन, पानमळ्यातल्या मावशी आहेत, लिहून मागतात."

* * *

ती गाडीवर मागं बसली होती, पुढून देवराव वाऱ्यात ओरडून बोलत होता. "एक सांगू का पार्बता? आपन वेल उतरवतो तं त्याचं पानी बंद करतो का? उलटं रोज देतो. तू तं पानीच तोडलं आंगाचं."

"मंग गोळी म्हनजे पानी हाये का?"

"नसन."

"मंग?"

"मले काय मालूम? म्या तं मोजलंच नाई."

घरी गोवर्धन खाटेवर अर्धवट उठून बसला होता, डाव्या हातानं खाटेची कड धरून. तो तिला बघत होता, पावलं टाकताना, दारातून येताना, डावा पाय, उजवा पाय. तिनं नवं पाकीट त्याच्यासमोर धरलं. "हे घे. चालू केली. आता वाटी फोडू नोको." त्यानं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं आणि उशीखाली ठेवून दिलं. ती मागायला गेली तर देईना. तेव्हापासून तिची गोळी त्याच्या उशीखाली असते. सकाळी चहा आला की तो एक काढून देतो आणि ती गिळेपर्यंत तोंडाकडे बघतो. पहिल्या सकाळी तर तिला तोंड उघडून दाखवावं लागलं.

इनायतुल्लाला तिनं फोनवर सांगितलं. त्यानं तिकडे आधीच गोळी बदलून घेतली होती आणि तरीही उजैरचे मेसेज येतच होते. आता कोणीतरी लिहिलं होतं की लसणानं बीपी उतरतं. "मंग लसून खाऊ का?" त्यानं विचारलं.

"खा. पन गोळीसंगं खा. अन् तंबाखू सोड म्हन्ते डॉक्टरीन."

"तू सोडली?"

"साऱ्यायनं सोडली तं तुहा धंदा बसन न," म्हणून तिनं फोन ठेवला.

मळ्यात अर्धी उतरण बाकी होती. तिच्या अंगावर आलेला तो वेल देवरावनं तसाच ओल्या मातीत दाबून ठेवला होता. जगतो का मरतो, कोणाला सांगता येत नव्हतं. कुडापाशी तिनं चपला काढल्या. हात सवयीनं चंचीत गेला, तंबाखूवर थांबला, रोजच्यापेक्षा बारीक चिमूट घेऊन बाहेर आला. गोळीचं खरं काय, हे तिला अजूनही समजलं नव्हतं. कौशल्यानं गाठ का लपवली तेही नाही. त्या पडलेल्या वेलाची माती तिनं बोटानं उकरून बघितली, मूळ ओलं होतं, पुन्हा झाकलं.

"देवराव, लव्हाळा भिजू घातला का नाई? कोरड्यानं बांधला का वेल कापला जाते, किती सालं सांगू तुले?"

"घातला, घातला."

"मंग आन इकडे. अन् त्या वरच्या शेंड्याले हात लावू नोको, थो मी बांधतो."

तिनं हात वर केले, दोन्ही, बघून घेतलं सारखे गेले का, आणि गाठ मारली.